टेराडेटावरून क्लाउडवर: स्नोफ्लेक, बिगक्वेरी की रेडशिफ्ट? रोज रिपोर्ट काढणाऱ्यांनी सांगा

आकडेमोड_पुणे:

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका विमा कंपनीच्या एमआयएस (रिपोर्टिंग) विभागात आहे. आमचं सगळं वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठी साठवलेला डेटा, टेराडेटा या डेटाबेसवर आहे आणि नोकरीला लागल्यापासून मी त्यावरच काम केलंय. आता क्लाउडवर जायचं ठरलंय. यादीत तीन नावं उरलीत: स्नोफ्लेक, बिगक्वेरी आणि रेडशिफ्ट. तिघांचीही प्रेझेंटेशन्स झाली. वेगाचे आलेख भरपूर दाखवले. पण महिना संपला की चार दिवसांत क्लोजिंगचे रिपोर्ट द्यायचे असतात, त्या चार दिवसांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आर्किटेक्चर ठरवणारी मंडळी वेगळी आहेत, त्यांचा अभ्यासही चांगला आहे. मात्र साहेबांनी मला सांगितलंय की वापरणाऱ्यांच्या बाजूने एक पान लिहून दे. ते पान मला नीट लिहायचंय, कारण एकदा ठरलं की आमच्या अख्ख्या विभागाला त्याच सिस्टिमवर वर्षानुवर्षं बसायचंय.

म्हणून ज्यांनी यातलं काही रोज वापरलंय त्यांना विचारते. जुनी एसक्यूएल (क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचे प्रश्न, लिहायची भाषा) कितपत चालते? महिनाअखेरीला सगळे एकदम तुटून पडले की काय होतं? ‘नो मोअर स्पूल स्पेस’ (क्वेरीची तात्पुरती जागा संपली) हा एरर गेला, तर त्याच्या जागी कसली धास्ती येते? आणि ग्रामीण शाखांच्या अर्जांवरची नावं-पत्ते आमच्याकडे देवनागरीत आहेत, त्यांचं काय होतं?

डेटावाला_ठाणे:

ताई, प्रश्न नेमके विचारलेत. मी आधी टेराडेटावर रिपोर्टिंग केलं, मग एका बँकेत स्नोफ्लेकवर, आणि आता बिगक्वेरीवर आहे. वेगाबद्दल मी काही लिहीत नाही, तुमच्या कामाला तिन्ही पुरून उरतील. खरी कसोटी आकडे जुळवण्याची आहे. सुरुवातीचा बराच काळ तुमचा त्यातच जाणार.

जी क्वेरी एरर देऊन थांबते तिची मला काळजी वाटत नाही. तुमच्याकडे कोणी ‘सिलेक्ट’ऐवजी नुसतं ‘सेल’ लिहीत असेल, किंवा 1 एप्रिल 2024 ही तारीख 1240401 अशी आकड्यात टाकत असेल, तर ते लगेच उघडं पडेल आणि दुरुस्त होईल. काळजी करायची ती निमूटपणे चालून वेगळं उत्तर देणाऱ्या क्वेरीची.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. पॉलिसीची पूर्ण झालेली वर्षं काढायला लोक महिन्यांना 12 ने भागतात. टेराडेटात पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, म्हणजे 35 भागिले 12 बरोबर 2. रेडशिफ्टमध्येही 2 च. स्नोफ्लेक आणि बिगक्वेरीत मात्र 2.91 आणि पुढे काही. आता तुमच्या रिपोर्टात ‘वर्षं <= 2’ अशी अट असेल तर ती पॉलिसी त्या गटातून गळाली. एरर नाही, वॉर्निंग नाही, पर्सिस्टन्सीचा, म्हणजे पॉलिसी किती टिकतात याचा, तक्ता मात्र हलला. अशा ठिकाणी स्पष्टपणे ‘फ्लोअर’ (अपूर्णांक सोडून देणारं फंक्शन) घालावं लागतं, आणि अशी ठिकाणं शेकडो रिपोर्टांत विखुरलेली असतात.

दुसरी गोष्ट अक्षरांची. टेराडेटाच्या नेहमीच्या मोडमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जात नाही. कॅपिटलमधलं ‘पुणे’ आणि स्मॉलमधलं ‘पुणे’ ग्रुप बायमध्ये, म्हणजे गट करताना, एकाच ओळीत येतात. बाकी तिघांत कोलेशन (अक्षरं ताडून पाहायचा नियम) मुद्दाम बदललं नाही तर दोन ओळी होतात. शाखानिहाय बेरजा यामुळे फुटतात.

तिसरी डुप्लिकेटची. टेराडेटात टेबल ‘सेट’ प्रकारचं असेल तर इन्सर्ट-सिलेक्ट करताना तंतोतंत सारख्या ओळी गुपचूप गाळल्या जातात. तुमची कित्येक टेबलं त्या भरवशावर स्वच्छ राहिली असणार. नव्या तिघांपैकी कोणीही ही सोय देत नाही. प्रायमरी की (तीच नोंद पुन्हा येऊ नये म्हणून ठरवलेला कॉलम) लिहिता येते, पण स्नोफ्लेकच्या नेहमीच्या टेबलांत, बिगक्वेरीत आणि रेडशिफ्टमध्येही ती पाळली जाईल याची हमी नसते. हप्त्याची एखादी फाईल दोनदा लोड झाली तर प्रीमियम सरळ दुप्पट दिसेल. डुप्लिकेट तपासायची क्वेरी रोजच्या लोडमध्ये बसवून घ्या आणि ते काम कुणाचं हे आधी ठरवून घ्या.

दिलासा म्हणाल तर ‘क्वालिफाय’ (ओळींना क्रमांक वगैरे देऊन त्यावरच अट लावणारं कलम). ते टेराडेटाकडून आलेलं आहे आणि आता तिन्ही ठिकाणी चालतं, रेडशिफ्टमध्ये 2023 पासून. सिलेक्टमध्ये एका कॉलमला नाव देऊन पुढच्याच कॉलममध्ये ते वापरायची आपली सवय स्नोफ्लेक आणि रेडशिफ्टवर टिकते, बिगक्वेरीत मोडावी लागते. मला आजही ते खटकतं.

आता स्पूलबद्दल. टेराडेटात तुमच्या नावावरची स्पूल मर्यादा सगळ्या एएमपींवर (डेटा आपसात वाटून घेणाऱ्या युनिट्सवर) सारखी वाटलेली असते. म्हणून एकाच एएमपीवर डेटा गोळा झाला, तर एकूण मर्यादा शिल्लक असूनही क्वेरी पडते. सगळ्या ‘अनोन’ एजंट कोडवर जॉईन लावून (दोन टेबलं जोडून) बघा, हेच होईल. नव्या सिस्टिमवर ही अडवणूक नाही, क्वेरी चालत राहते. पण चालत राहते म्हणजे पैसेही चालत राहतात. स्नोफ्लेकमध्ये स्टेटमेंटची मूळ कालमर्यादा 1,72,800 सेकंद आहे, म्हणजे पूर्ण दोन दिवस! ती पहिल्याच दिवशी खाली आणायला सांगा.

स्नोफ्लेकचा हिशोब वेळेवर आहे. सगळ्यात छोटं, एक्स-स्मॉल वेअरहाऊस (तिथे याचा अर्थ क्वेरी चालवणारी मशीन्स) तासाला 1 क्रेडिट (आकारणीचं एकक) घेतं, मीडियम 4, लार्ज 8. सेकंदावर आकारणी होते, पण चालू झालं की किमान 60 सेकंदांचे पैसे लागतात. बिगक्वेरीच्या ऑन-डिमांडमध्ये किती डेटा वाचला त्यावर पैसे लागतात. तिथे साध्या टेबलावर ‘लिमिट 10’ लिहून पैशांची बचत होत नाही, कॉलम तेवढेच वाचले जातात. मात्र क्वेरी चालवण्याआधी ती किती डेटा वाचणार हे एडिटरमध्येच दिसतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्याकडे नवीन मुलं तो आकडा बघून स्वतःच ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम मागणं) काढून टाकतात आणि तारखेच्या पार्टिशनची अट घालतात. कोणाला ओरडावं लागत नाही.

नाशिककर_बीआय:

देवनागरीचं मी सांगतो, कारण आमचं वेअरहाऊस रेडशिफ्टवर आहे आणि ग्राहकांची नावं मराठीत आहेत.

रेडशिफ्टमध्ये व्हारचार या मजकुराच्या कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजतात, अक्षरांमध्ये नाही. यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हं. ‘लक्ष्मीबाई’ मोजून बघा: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई. दहा चिन्हं, 30 बाइट. व्हारचार(20) मध्ये लक्ष्मीबाई मावत नाहीत. टेराडेटाच्या युनिकोड कॉलममध्ये आरामात मावत होत्या, स्नोफ्लेकमध्येही मावतात, बिगक्वेरीत तर लांबी द्यायचीच गरज नाही. म्हणजे टेबलांची रचना टेराडेटावरून जशीच्या तशी उचलून रेडशिफ्टवर ठेवली की डेटा लोड करणारी कॉपी कमांड एरर देणार. आणि कोणी घाईत ‘ट्रंकेटकॉलम्स’ हा पर्याय लावला तर एररही येणार नाही, नावंच अर्धी होतील. पॉलिसीधारकाचं नाव अर्धं छापलं जाणं मला तरी मान्य नाही. लांबी तिप्पट करून घ्या आणि ‘ऑक्टेट_लेंग्थ’ या बाइट मोजणाऱ्या फंक्शनने आधीच तपासा.

आणखी एक. ‘कऱ्हाड’मधला ऱ दोन प्रकारे साठवला जातो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, जॉईन मात्र लागत नाही. बिगक्वेरीत यासाठी ‘नॉर्मलाईज’ फंक्शन तयार आहे. बाकी ठिकाणी लोडच्या आधीच, पायथॉनमध्ये वगैरे, सगळं एका रूपात आणा.

महिनाअखेरीचं म्हणाल तर रेडशिफ्टमध्ये रांगा कशा बांधल्यात यावर सगळं आहे. आमच्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) फायनान्ससाठी वेगळी रांग ठेवलीय आणि कॉन्करन्सी स्केलिंग (गर्दी वाढली की जादा मशीन्स) चालू केलंय, त्यामुळे आता ताटकळावं लागत नाही. पण डिस्ट-की, सॉर्ट-की (डेटा कसा वाटायचा आणि कोणत्या क्रमाने ठेवायचा हे ठरवणारे कॉलम) समजणारा माणूस हाताशी हवा. तुमची टीम टेराडेटात डेटा वाटणारा प्रायमरी इंडेक्स निवडायला शिकलेली आहे, तेव्हा तिला हे परकं वाटणार नाही.

आकडेमोड_पुणे:

दोघांचे मनापासून आभार. पूर्ण वर्षांचा मुद्दा वाचून मी लगेच आमचे रिपोर्ट शोधले. 12 ने भागणाऱ्या क्वेरी खरंच ढिगाने आहेत, आणि ग्रॅच्युइटीच्या रिपोर्टातही तेच गणित आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. ऑडिटर दर तिमाहीला विचारतात की मागच्या मंगळवारी हा आकडा वेगळा होता, मधे काय बदललं? आज आम्ही त्यासाठी टेबलांच्या तारीखवार कॉप्या ठेवतो. आणि दादा, तुम्ही माझ्या जागी असतात तर कोणतं नाव पुढे केलं असतंत?

डेटावाला_ठाणे:

ऑडिटरच्या प्रश्नाला स्नोफ्लेकचं टाइम ट्रॅव्हल चपखल आहे. त्याच टेबलावर ‘अमुक वेळेला होतं तसं दाखव’ म्हणता येतं. मूळ मुदत 1 दिवसाची असते, एंटरप्राइज आवृत्तीत 90 दिवसांपर्यंत नेता येते, अर्थात साठवणीचा खर्च वाढतो. बिगक्वेरीतही हे आहे, पण जास्तीत जास्त 7 दिवस. रेडशिफ्टमध्ये स्नॅपशॉटवरून टेबल परत आणावं लागतं, तुम्हाला स्वतःला क्वेरीत ते करता येत नाही. मात्र 90 दिवस म्हणजे जेमतेम एक तिमाही. वर्षअखेरीचे बंद झालेले आकडे वेगळे गोठवून ठेवावेच लागतील.

डेटा भारतातच ठेवण्याची अडचण कुठेच नाही. विमा नियामकाचे नियम तसे बंधन घालतात आणि तिघेही मुंबईतून चालवता येतात, त्यामुळे त्यावर पान खर्च करू नका.

तुमच्या जागी मी स्नोफ्लेकचं नाव दिलं असतं. मुख्य कारण महिनाअखेर. रात्रीच्या लोडला एक वेअरहाऊस, फायनान्सला दुसरं, ॲक्च्युअरींना (विम्याची जोखीम मोजणाऱ्यांना) तिसरं. डेटा एकच आणि कोणाचा पाय कोणाच्या पायात नाही. क्लोजिंगच्या चार दिवसांसाठी फायनान्सचं वेअरहाऊस मोठं करायचं, नंतर परत लहान. दुसरं कारण, टेराडेटाच्या माणसाला तिथली एसक्यूएल सगळ्यात लवकर हाताला बसते. तुमच्याकडे मोजके लोक अधूनमधून प्रचंड डेटावर प्रश्न विचारत असते, तर मी बिगक्वेरी म्हटलं असतं. पण तुमचा वापर रोजचा आणि दिवसभराचा आहे.

पानावर मात्र नावापेक्षा एक अट ठळक लिहा: टेराडेटा बंद करण्यापूर्वी किमान एक संपूर्ण क्लोजिंग दोन्हीकडे चालवायचं आणि शाखानिहाय प्रीमियम, क्लेम, कमिशन पैशापर्यंत जुळवायचं. त्यासाठी मार्च धरू नका, जून किंवा सप्टेंबर धरा. जुळवणी तुमच्याच टीमने करायची आणि त्या काळात तुमच्यावर नवीन रिपोर्टची मागणी येणार नाही, हेही लेखी घ्या. माणसांचा वेळ प्रोजेक्ट प्लॅनमध्ये धरलेला नसेल तर ते काम रात्री नऊनंतर तुमच्याच माथी येतं.

नाशिककर_बीआय:

याला जोडून: जुळवणीच्या यादीत देवनागरी नावांची एक फाईल घाला. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, ज्ञानेश्वर, लक्ष्मीबाई अशी जोडाक्षरांची, मुद्दाम निवडलेली. ती लोड करा, छापील पॉलिसीवर आणा आणि डोळ्यांनी वाचा.