मदत हवी आहे: जुन्या व्यक्तिचित्राच्या छापातील भाव कसा वाचावा?

नमस्कार. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५१ मध्ये केलेले, ॲमस्टरडॅममधील छापचित्रांचा विक्रेता क्लेमेंट द योंगे याचे म्हणून ओळखले जाणारे एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतलेले छापचित्र) मी सध्या अभ्यासत असून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. रुंद काठाची टोपी घालून खुर्चीत बसलेला माणूस, एवढाच चित्राचा विषय आहे. परंतु तांब्याचा तोच पत्रा पुन्हा पुन्हा सुधारला गेल्यामुळे चित्राच्या अनेक अवस्था, म्हणजे पत्र्यातील प्रत्येक बदलानंतर घेतलेले छाप, उपलब्ध आहेत, आणि प्रत्येक अवस्थेत हा माणूस मला निराळा वाटतो. सुरुवातीच्या छापात चेहरा उजळ व मोकळा आहे, जणू आता तो बोलू लागेल. पुढे डोळ्यांभोवतीची छाया गडद झाली, मागे कमान आली, आणि तोच माणूस अंतर्मुख, किंबहुना खिन्न दिसू लागला. मला हा दुसरा चेहरा अधिक खोल वाटतो.

अडचण अशी की, वारंवार छपाईने पत्र्यावरील बारीक रेषा झिजतात आणि शाई कमीअधिक पुसल्यानेही छाया बदलते. मग नजरेतील खिन्नता चित्रकाराने मुद्दाम आणलेली आहे, की ती केवळ छपाईचा परिणाम आहे, हे कोणत्या खुणांवरून ओळखावे? शिवाय, एकाच व्यक्तीचे इतके भाव दिसत असताना त्यांवरून तिच्या स्वभावाविषयी काही म्हणणे कितपत योग्य ठरेल? मूळ छाप शेजारी शेजारी ठेवून पाहिलेल्या कोणी आपले निरीक्षण सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.