मदत हवी आहे: रक्त थांबवायची किट आणि गावात येऊन शिकवणारं कोणी

चिखलदरा तालुक्यातलं आमचं गाव. मागच्या हंगामात थ्रेशरच्या पट्ट्यात मजुराचा हात सापडला. कोपराखालून रक्त उसळत होतं. मी दुपट्टा बांधला, ओलाचिंब झाला म्हणून सोडून दुसरा बांधला. सोडायला नको होता, त्याच्यावरच दुसरा ठेवून जोरात दाबून धरायचं असते, हे नंतर नर्सबाईंनी सांगितलं. माणूस वाचला, पण ती चूक मला झोपू देत नाही.

108 ला फोन लावायला टेकडीवर जावं लागते, पुढे परतवाड्यापर्यंत घाट.

गॉज, रोलर बँडेज, हातमोजे, कात्री घेऊन ठेवली आहे. ऑनलाइन स्वस्तातला टूर्निके (दांडी पिळून हात-पाय आवळायचा, रक्त थांबवायचा पट्टा) मागवला. स्वतःच्या मांडीवर आवळून पाहिला तर प्लास्टिकची दांडी तिसऱ्या पिळालाच वाकली. साप चावल्यावर आवळून बांधायचं नसते हे माहीत आहे, किट फक्त जखमांसाठी. आरोग्य केंद्रात विचारलं, शिकवायची सोय नाही. व्हिडिओ रेंजअभावी चालत नाहीत.

शिकणारे आठ जण, तिघांना वाचता येत नाही, दोघी फक्त कोरकू बोलतात. बजेट 3000 रुपये. किट मोटरसायकलच्या डिक्कीत, उन्हातच राहील.

दांडी न वाकणारा टूर्निके कोणी स्वतः वापरून पाहिला आहे का, आणि अमरावती-नागपूरकडून गावात येऊन हातानं करून दाखवणारं कोणी आहे का?