मदत हवी आहे: 12 युनिटं जास्त झाली म्हणून बीपीएल वीजदर कायमचा गेला, आता काय करता येईल?

नमस्कार,

शेजारच्या मावशींसाठी विचारतेय. प्रश्न महाराष्ट्रातल्या घरगुती वीजबिलाचा आहे. वीज कंपनीचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मावशी चार घरी पोळ्या करतात. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, मुलगी सासरी. एक खोली, वर पत्रा. घरात एक पंखा, दोन बल्ब आणि मोबाइलचा चार्जर. मंजूर भार 0.25 किलोवॅट. महिन्याला 23-25 युनिटं जळतात आणि बीपीएल दरामुळे बिल सव्वाशेच्या आत यायचं. पगार झाला की पहिलं बिल भरायचं आणि पावती गव्हाच्या डब्याखाली सरकवायची, हा त्यांचा नेम. सहा वर्षांच्या पावत्या तिथे आहेत, मी स्वतः पाहिल्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात लेक बाळंतपणाला आली. पत्र्याखालचा मे महिना, त्यात पंधरा दिवसांचं बाळ. अंगावर घामोळं उठलं, रात्रभर रडायचं. जावयांनी कुठून तरी जुना कूलर आणून दिला. तो मे-जून दोन महिने रात्री पाच-सहा तास चालला. तेव्हाही दर बीपीएलचाच लागत होता, बिल थोडंच वाढलं. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

या एप्रिलपासून त्याच 24 युनिटांचं बिल तीनशे-सव्वातीनशे यायला लागलं. मावशींना वाटलं बिल चुकलंय, दुरुस्त होईल, मग भरू. आठ महिने तसेच गेले. आज थकबाकी 2,640 रुपये आहे. शिवाय 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' नावाचं वेगळंच एक बिल आलंय. काल संध्याकाळी त्या कणकेच्या हातानेच फोन घेऊन आमच्या दारात आल्या. दोन मेसेज होते. एकात थकबाकी भरण्यासाठी 15 दिवसांची मुदत, तर दुसऱ्यात 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा'.

बिल केंद्रावर चौकशी केली. वर्षाला 360 युनिटांची मर्यादा आहे, यांची 372 झाली, म्हणून त्या साध्या घरगुती दरात गेल्या, आणि एकदा गेलं की परत येता येत नाही, असं सांगितलं. सांगणाऱ्या ताई नीट बोलल्या, त्यांचा काही दोष नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही. एका बाळासाठी दोन महिने कूलर लावला, तर बाई जन्मभरासाठी गरीब राहिली नाही असं कसं धरायचं?

हा नियम खरंच असा आहे का? वीज तुटू नये म्हणून आज काय करावं? आणि सरकारची दुसरी कुठली मदत मिळू शकेल? जाणकारांनी कृपया सांगा. मावशी रोज विचारतात.

---

कंदील:

बाकी नंतर, आधी तो साडेनऊचा मेसेज. त्या नंबरवर अजिबात फोन करू नका. ही जुनी फसवणूक आहे. फोन केला की एक अॅप टाकायला सांगतात, दहा रुपये भरून 'बिल अपडेट' करायला लावतात आणि खातं रिकामं करतात. वीज कंपनी कुणाच्याही खासगी मोबाइल नंबरवर फोन करायला सांगत नाही. माझ्या सासऱ्यांचे पेन्शनचे पैसे असेच गेले. मावशींच्या फोनमधून तो मेसेज आत्ताच काढून टाका, नाहीतर घाबरून त्या फोन करतील.

---

मीटरवाला:

वीजबिलांच्या विभागात 31 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. शांतपणे घ्या, यातून वाट निघते.

नियम तुम्हाला बरोबर सांगितला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशात बीपीएल वर्गासाठी दोन अटी आहेत: मंजूर भार 0.25 किलोवॅटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षातला वापर 360 युनिटांपर्यंत. वर्ष संपलं की फेरतपासणी होते. मर्यादा ओलांडली की घरगुती दर लागतो, आणि नंतर वापर कितीही कमी झाला तरी परतीचा रस्ता ठेवलेला नाही. 360 म्हणजे दिवसाला एक युनिट. 75 वॅटचा जुना पंखा तेरा-साडेतेरा तास फिरला की ते संपलं. नोकरीत असताना मलाही ही अट जाचक वाटायची. आयोग दर ठरवण्याआधी जनसुनावणी घेतो आणि लेखी सूचना-हरकती मागवतो. मावशींची हकिकत तिथे लिहून पाठवण्यासारखी आहे.

आता कामाचं. वीज कायदा 2003, कलम 56. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती मेसेजने आली तरी हलक्यात घेऊ नका. त्याच कलमात ग्राहकाला एक आधार दिलाय: रकमेबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहाचं बिल, यातलं जे कमी असेल ते 'हरकत राखून', म्हणजे रक्कम मान्य नाही असं लेखी नोंदवून, भरायचं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. पावतीची झेरॉक्स अर्जाला जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

वाद उभा राहतो का, हे बघायला गव्हाच्या डब्याखालच्या पावत्या आणि त्यांची बिलं काढा. गेल्या वर्षीचं एप्रिलचं बिल बघा. त्यावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा असतात. त्याच्या आधीच्या फेब्रुवारी-मार्चच्या बिलांवर रीडिंगच्या जागी 'लॉक' किंवा 'सरासरी' लिहिलंय का? मावशी दिवसभर बाहेर असतात म्हणून विचारतोय. दार बंद असलं की अंदाजाने बिल निघतं आणि राहिलेली युनिटं पुढच्या खऱ्या रीडिंगमध्ये एकदम येऊन पडतात. म्हणजे आधीच्या वर्षातली युनिटं नव्या वर्षाच्या नावावर चढू शकतात. फरक फक्त 12 चा असताना हे बघितलंच पाहिजे.

सुरक्षा ठेवीचं बिल थकबाकीत धरू नका. ते सरासरी बिलाच्या दुप्पट रकमेवर काढतात, त्यावर व्याज मिळतं आणि हप्तेही पाडून घेता येतात. दर परत बीपीएलचा झाला तर ती रक्कमही कमी होईल.

---

रानजाई:

आमच्या बचत गटातल्या बायकांचे असेच प्रश्न घेऊन मी तहसीलच्या चकरा मारते, त्या अनुभवावरून लिहिते.

एक गैरसमज आधी काढते, कारण आमच्याकडेही दर आठवड्याला कुणी तरी विचारतं. राज्यात 2024 ला जी मोफत वीज जाहीर झाली, ती बळीराजा योजना शेतीपंपांसाठी आहे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या. घरच्या मीटरला ती लागत नाही. कर्नाटकात 'गृहज्योती'खाली घरांना 200 युनिटांपर्यंत, तमिळनाडूत पहिल्या 100 युनिटांपर्यंत सवलत आहे. त्या बातम्या फोनवर फिरतात आणि बायका आशेने येतात.

मावशींना गॅसचं काय मिळतं ते बघा. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना, 2024 पासून. उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडरांचं मोफत पुनर्भरण. पण जोडणी बाईच्या नावावर असावी लागते, आणि इथेच विधवा बायका अडकतात. गॅसचं पुस्तक यजमानांच्याच नावावर राहिलेलं असतं, सहा-सहा वर्षं. मावशींचं कुणाच्या नावावर आहे? आणि वीजमीटर कुणाच्या? दोन्ही मावशींच्या नावावर करून घ्या, पुढे प्रत्येक अर्जाला तेच आडवं येतं.

खोली स्वतःची आहे की भाड्याची? स्वतःची असेल तर छतावरच्या सौरचा विचार करता येईल. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000 रुपये मिळतात. त्यावर 2025 मध्ये राज्याने कमी वापराच्या घरांसाठी 'स्मार्ट' योजना आणली. एक किलोवॅटचा खर्च 50,000 धरून बीपीएल ग्राहकाचा वाटा फक्त 2,500 ठेवलाय. 100 युनिटांच्या आतल्या इतर ग्राहकांना 10,000 पडतात, अनुसूचित जाती-जमातीला 5,000. बघा, बीपीएलचा शिक्का गेल्याचा फटका इथेही बसतो. त्यामुळे मीटरवाला म्हणतात ती तपासणी आधी करा. थकबाकी असेल तर सौरचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून तीही आधी.

संजय गांधी निराधार अनुदानाचं विचारून ठेवा. महिना 1,500 रुपये, पण उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 ची. चार घरच्या पोळ्यांवर त्या बसतील असं वाटत नाही. पण विधवा आहेत, तहसीलला एकदा विचारायला काय हरकत आहे.

---

कंदील:

पंखा बदलता आला तर बदला. बीएलडीसी पंखा 28-30 वॅटवर चालतो, जुना 75 खातो. बारा तासांना अर्ध्या युनिटापेक्षा जास्त वाचतं. आम्ही सोसायटीतल्या चौघी मिळून तो घेऊन देऊ शकतो, मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तो मेसेज त्याच रात्री काढला.

रविवारी मावशी आणि मी सगळ्या पावत्या आणि बिलं जमिनीवर पसरून बसलो. कागदांना गव्हाचा भुसा लागलेला, एकेक झटकून तारखेप्रमाणे लावली. मीटरवाला काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही बिलांवर 'लॉक', दोन्ही 9-9 युनिटांची. एप्रिलचं बिल 58 युनिटांचं. एप्रिलमध्ये तर कूलर आलाच नव्हता! महिन्याला 24 धरली तर त्या 58 मधली 30 आधीच्या दोन महिन्यांची आहेत. 372 मधून 30 गेली की 342 राहतात. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत. डोळे पुसले आणि चहा टाकायला उठल्या.

सोमवारी अर्ज दिला. तिन्ही बिलांच्या प्रती, वर्षाच्या युनिटांचा तक्ता आणि कलम 56 चा उल्लेख. सरासरीने निघालेली रक्कम हरकत राखून भरली, आवक क्रमांक घेतला. आतल्या साहेबांनी बिलं लावून पाहिली, सुरक्षा ठेवीचे हप्ते तिथल्या तिथे करून दिले आणि वर्गाची फेरतपासणी वरच्या कार्यालयाकडे पाठवतो म्हणाले.

---

मीटरवाला:

छान काम केलंत. वरून नकार आला तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथेही नाही जमलं तर विद्युत लोकपाल, मंचाच्या आदेशापासून 60 दिवसांत. वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. तोवर दर महिन्याचं बिल एकदाही चुकवू नका, आणि दर पहिल्या तारखेला मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. परत 'लॉक' आलं तर तो फोटोच कामाला येईल.

---

धागाकर्ती:

हो, फोटो मावशींनी स्वतः काढला, मी शिकवलं. पहिला जरा हलला, दुसऱ्यात आकडे स्वच्छ दिसतायत.

रानजाई, खोली मावशींच्या सासऱ्यांनी घेतलेली, घरचीच आहे. पण गॅसचं पुस्तक अजून यजमानांच्या नावावर आहे, आणि मीटरही. उद्या आधी गॅस एजन्सीत जातोय. मृत्यूचा मूळ दाखला सोबत न्यावा लागेल का, की झेरॉक्स चालते? मूळ दाखला लेकीकडे आहे, तो मागवायचा तर आजच फोन करते.