नीतिमत्त्व, धर्म की सचोटी? नीतिसूत्रांतील एका वचनाविषयी शब्दचर्चा

प्रश्न (जालना)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेच्या दर्शनी फलकावर वेगवेगळ्या परंपरांतील राष्ट्रविषयक वचने लिहायची असे आम्ही ठरवले आहे. त्यांत बायबलमधील 'नीतिसूत्रे' या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायातील चौतिसावे वचन असावे, अशी माझी इच्छा आहे. नीतिमत्त्व राष्ट्राला उंचावते आणि पाप हा लोकांना लागलेला कलंक असतो, असा त्याचा आशय आहे. 'नीतिमत्त्व' हा शब्द मुलांना जड जाईल, तेव्हा 'सदाचार' लिहावे, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले, तर दुसऱ्यांनी 'धार्मिकता' हा शब्द सुचवला. मी नववीच्या वर्गात विचारले, तेव्हा नीतिमत्ता म्हणजे मुलामुलींनी नीट वागणे, एवढेच उत्तर आले. मूळ शब्दाचा अर्थ नेमका काय आहे, आणि आजच्या मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द कोणता? 'नीतिमत्ता' आणि 'नीतिमत्त्व' यांत काही भेद आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई)

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर सुटतो. 'नीतिमत्' या शब्दाला 'ता' जोडला की 'नीतिमत्ता' होते आणि 'त्व' जोडला की 'नीतिमत्त्व'. दोन्ही भाववाचक नामे आहेत आणि अर्थ एकच आहे. दुसऱ्या शब्दात 'महत्त्व', 'व्यक्तिमत्त्व' यांच्याप्रमाणे दोन त आणि एक व येतो, आणि पहिले अक्षर दीर्घ, दुसरे ऱ्हस्व असते. भेद आहे तो वापराचा. मराठी बायबलमध्ये 'नीतिमत्त्व' रूढ आहे, त्यामुळे त्याला ग्रंथाचा वास आहे. 'नीतिमत्ता' रोजच्या बोलण्यात येते आणि तिथे तिचा अर्थ हळूहळू आक्रसत गेला आहे. आपल्या नववीच्या मुलांनी दिलेले उत्तर ही त्या आक्रसण्याची साक्ष आहे. मुलांचा त्यात दोष नाही, कारण त्यांनी तो शब्द मोठ्यांच्या तोंडून त्याच अर्थाने ऐकला आहे.

आता मूळ शब्दाकडे वळू. नीतिसूत्रांची भाषा हिब्रू आहे आणि तेथे शब्द आहे 'त्सेदाका'. हा शब्द पोथीत किंवा ध्यानमंदिरात जन्मलेला नसून न्यायनिवाड्याच्या जागी, गावाच्या वेशीपाशी वाढलेला आहे. दोन माणसांत वाद झाला आणि पंचांनी एकाची बाजू खरी ठरवली, तर त्याला 'त्साद्दीक' म्हणत. बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी हा शब्द अगदी याच अर्थाने येतो. बायबलमधील आमोस हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, जेव्हा म्हणतो की, हे लोक रुप्यासाठी नीतिमानाला आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकतात, तेव्हा तो 'नीतिमान' म्हणजे कोणी साधुपुरुष नव्हे, तर ज्याची बाजू खरी असूनही ज्याला न्याय मिळाला नाही असा साधा माणूस होय.

या शब्दाचा गाभा समजून घ्यायचा असेल, तर बायबलमधील 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायातील तामारेची गोष्ट वाचावी. तिचे दोन्ही नवरे एकामागून एक वारले. त्या काळच्या रीतीप्रमाणे सासऱ्याने, म्हणजे यहूदाने, धाकट्या मुलाशी तिचे लग्न लावून तिला आधार द्यायला हवा होता. त्याने ते टाळले आणि तिला माहेरी बसवून ठेवले. तिने वेश पालटून, वेश्या असल्याचे भासवून, त्या सासऱ्याकडूनच गर्भ धारण केला. बोभाटा झाल्यावर तो तिला जाळायला निघाला, तेव्हा तिने त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी त्याच्यापुढे ठेवली. ती ओळखून यहूदा जे बोलला त्याचा अर्थ असा की, माझ्यापेक्षा तिचीच बाजू नीतीची आहे. क्रियापद त्सेदाकाच्याच धातूचे आहे. आपल्या आजच्या 'नीतिमत्ता' शब्दाने या स्त्रीला नीतिमान म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. हिब्रू शब्द मात्र ते सहज म्हणतो, कारण त्याची कसोटी एवढीच आहे की, ज्याचे जे देणे होते ते तुम्ही दिलेत का.

हीच कसोटी अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात घरगुती तपशिलासह दिसते. गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते त्याला परत करावे, म्हणजे तो त्यात निजेल आणि तुझे भले चिंतील, आणि हेच तुझे 'त्सेदाका' ठरेल, असे तेथे म्हटले आहे. लगेच पुढे मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, अशी आज्ञा आहे. उचल घेऊन कोयता हाती धरणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुरासमोर ही दोन वचने वाचली, तर त्यांचा अर्थ कोणत्याही भाष्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचेल. मला स्वतःला हा शब्द याच ठिकाणी सर्वांत जिवंत वाटतो.

'सदाचार' आणि 'धार्मिकता' हे दोन्ही शब्द मी टाळेन. सदाचार एकट्यालाही साधतो. ज्याला कोणाचे देणे नाही आणि कोणाकडून घेणे नाही, तोही सदाचारी असू शकतो. त्सेदाकाला मात्र समोर दुसरा माणूस लागतोच. 'धार्मिकता' म्हटले की उपास, पूजा, प्रार्थना डोळ्यांसमोर येतात, आणि संदेष्ट्यांचा राग नेमका तिथेच होता. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या आणि नीतिमत्त्व बारमाही ओढ्यासारखे. बारमाही हा शब्द आपल्या भागात काय मोलाचा आहे, हे मी आपणास सांगायला नको. उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले त्या पॅलेस्टाईनच्या मुलखातही होते.

अर्थाने सर्वांत जवळचा जुना शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे 'धर्म'. विलक्षण गोष्ट अशी की, दोन्ही शब्दांचा प्रवास सारखाच झाला. उत्तरकालीन हिब्रूत त्सेदाका म्हणजे दानधर्म असा अर्थ स्थिरावला, आणि आपल्याकडेही 'धर्म करा' म्हणणारा भिक्षेकरी दानच मागत असतो. 'धर्मादाय' या शब्दात तोच अर्थ आहे. औरंगाबादच्या जुन्या शहरात ज्याला 'सदका' म्हणतात तो अरबी शब्दही याच सेमिटिक धातूचा आहे, म्हणजे मराठवाड्याला हा शब्द एका नात्याने ओळखीचाच आहे. तरीही फलकावर 'धर्म राष्ट्राला उंचावतो' असे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज तो शब्द वाचणारा प्रत्येक जण त्यात आपापला पंथ वाचेल आणि वचनाचा अर्थ उलटा होईल.

भर (लातूर)

वरील उत्तर वाचून राहवले नाही. माझी हयात मोंढ्यात गेली. नीतिसूत्रांत वजनमापांविषयी एवढी वचने आहेत, हे मला उशिरा कळले. अकराव्या अध्यायाची सुरुवातच खोट्या तराजूच्या निषेधाने होते, आणि विसाव्या अध्यायात दोन तऱ्हेची वजने ठेवण्याचा धिक्कार दोनदा येतो. घ्यायचे वजन वेगळे आणि द्यायचे वेगळे, असा तो प्रकार. आमच्याकडे त्याला 'काटा मारणे' म्हणतात. तराजूच्या दांडीतला फरक भरून काढण्यासाठी हलक्या पारड्याला जे लहानसे वजन बांधतात तो पासंग. तो प्रामाणिक हातात तराजू सरळ करतो आणि लबाड हातात शेतकऱ्याच्या पोत्यामागे थोडी थोडी तूर खातो. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी 'पासंगालाही न पुरणे' हा वाक्प्रचार टिकून आहे. बाजारात ज्या गुणाला मान असतो त्याला आम्ही 'सचोटी' किंवा 'इमान' म्हणतो. फलकावर 'सचोटी' चालेल का?

उत्तर (अंबाजोगाई)

दादा, आपण फार मोलाची भर घातली. मूळ वचनांत वजनासाठी येणारा हिब्रू शब्द 'दगड' असाच आहे, कारण त्या काळी वजने दगडांचीच असत आणि व्यापारी ती थैलीत बाळगत. आमोसाच्या आठव्या अध्यायातील व्यापारी सणवार कधी संपतो आणि आपण धान्य कधी विकतो, याची वाट पाहत असतात. माप लहान आणि वजन जड करण्याचा त्यांचा बेत असतो. तो काळ दुसऱ्या यराबामाचा, इस्राएलाच्या उत्तर राज्याच्या भरभराटीचा. सीमा वाढल्या होत्या, श्रीमंतांच्या घरी हस्तिदंती पलंग होते. तकोवा गावचा मेंढपाळ आमोस बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलला आणि तेथील याजकाने त्याला हाकलले. (जालन्याच्या ताईंना हे नाव परके नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या गावाला बेथेल हेच नाव दिले होते.) पुढे काही दशकांतच, इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास, अश्शूर (अ‍ॅसिरिया) साम्राज्याने शोमरोन ही उत्तर राज्याची राजधानी घेतली आणि ते राज्य संपले. वैभव शिगेला असताना राज्य आतून पोकळ झाले होते, हे ज्याला बाजारातल्या मापावरून दिसले, त्याच्या दृष्टीला राष्ट्राचे बळ म्हणजे काय हे कळले होते, असे मी मानतो.

तरीही 'सचोटी' अपुरी पडते. ती व्यवहारापुरती राहते. न्यायासनावर बसलेल्याने विधवेची बाजू ऐकणे तिच्यात येत नाही, आणि नीतिसूत्रांच्या शेवटच्या, एकतिसाव्या अध्यायात राजाची आई राजाला नेमके तेच शिकवते. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तू बोल, असे ती म्हणते.

प्रश्न (जालना)

दोघांचेही आभार. दोन शंका उरल्या आहेत. येथे 'राष्ट्र' म्हणजे केवळ इस्राएल समजायचे का? आणि वचनाखाली 'राष्ट्राचे नीतिधैर्य' असा मथळा द्यावा, असे एकांनी सुचवले आहे. तो योग्य होईल का?

उत्तर (अंबाजोगाई)

मूळ शब्द 'गोय' आहे. तो कोणत्याही राष्ट्राला लागतो, आणि पुढे तर इस्राएलेतर लोकांसाठीच अधिक वापरला गेला. वचनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात लोकसमूहांसाठी अनेकवचन आहे. म्हणजे हा नियम कोणा निवडलेल्या प्रजेचा नाही. याच दुसऱ्या अर्ध्या भागावरून मोठी चर्चा झालेली आहे. 'कलंक' या अर्थी तेथे जो 'हेसेद' शब्द आहे, त्याचा नेहमीचा अर्थ 'दया' असा होतो. कलंक हा अर्थ विरळा असून बायबलमधील 'लेवीय' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात तो आढळतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात या जागी पापे लोकांना क्षीण करतात, असा आशय आहे. ज्यूंच्या तालमुद या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या 'बाबा बात्रा' या भागात योहानान बेन झक्काई हे धर्मगुरू आपल्या शिष्यांना या वचनाचा अर्थ विचारतात आणि प्रत्येक जण निराळे उत्तर देतो. शेवटी ते स्वतः सांगतात की, पापार्पणाने जसे इस्राएलाचे प्रायश्चित्त होते, तसे दानधर्माने इतर राष्ट्रांचे होते. जेरुसलेमचे मंदिर पाडणाऱ्या रोमचा काळ पाहिलेल्या माणसाने परक्या राष्ट्रांविषयी असे म्हणावे, याने मी दरवेळी भारावून जातो.

'नीतिधैर्य' मात्र लिहू नका. हा शब्द सैन्याची किंवा संघाची उमेद, लढत राहण्याची मानसिक ताकद या अर्थी रूढ आहे. शत्रूचे नीतिधैर्य खचले, असे आपण म्हणतो. अन्याय करणाऱ्या फौजेचेही नीतिधैर्य उत्तम असू शकते. आपल्याला हवा आहे तो शब्द 'नैतिक बळ'. १९३८ साली हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षणावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली. त्यांच्याजवळ जे होते ते नैतिक बळ, आणि १७ सप्टेंबरच्या फलकावर तोच शब्द शोभेल.

वचन मी असे लिहीन : 'न्याय आणि नीतिमत्त्व राष्ट्राला उंचावतात, पाप कोणत्याही लोकांना कलंकच असते.' 'न्याय' हा शब्द मूळ ओळीत नाही, तो मी अर्थासाठी जोडला आहे. तेव्हा अवतरणचिन्हे न देता खाली 'नीतिसूत्रे १४:३४च्या आधारे' असे लिहावे. संदेष्टे हे दोन शब्द वारंवार जोडीने वापरतात, म्हणून ही भर मूळ अर्थाला सोडून होत नाही. आणि नववीच्या वर्गात हे वचन शिकवताना आधी गहाण पांघरुणाचा उतारा वाचून दाखवावा, व्याख्या नंतर सांगावी.