३५३ जनुकं: जोडवृक्षात १०० बूटस्ट्रॅप, अ‍ॅस्ट्रल मात्र वेगळंच सांगतंय

रानहळद: तेरड्याच्या (इम्पेशन्स) २४ नमुन्यांवर अँजिओस्पर्म्स३५३ हा सपुष्प वनस्पतींच्या ३५३ केंद्रकी जनुकांचा संच वापरला आहे. १६ नमुने सिलिका जेलमध्ये वाळवलेले, ८ हर्बेरियममधले (दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले). हायब्पायपर (रीडमधून, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून, जनुकं जुळवायला), माफ्ट (क्रम एकाखाली एक लावायला), आयक्यू-ट्री (वंशवृक्ष काढायला) असा नेहमीचा रस्ता. जनुकं जोडून काढलेल्या वृक्षात जवळपास सगळ्या फाट्यांना १०० बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हापुन्हा नमुने घेऊन मोजलेला फाट्याचा आधार, टक्क्यांत). अ‍ॅस्ट्रलमध्ये (प्रत्येक जनुकाच्या वेगळ्या वृक्षांवरून प्रजातिवृक्ष काढणारं सॉफ्टवेअर) मात्र एक अख्खा गट भलतीकडे गेलाय, आणि हर्बेरियमचे तीन नमुने थेट बुंध्याशी. खरं कोणतं मानायचं?

पुंकेसर: त्या तिघांचा निकाल आधी लावा. हायब्पायपरच्या आकडेवारीत लक्ष्याच्या (संदर्भक्रमाच्या) ५० टक्के लांबी गाठलेली जनुकं किती, ते बघा. हर्बेरियमचा डीएनए मुळातच तुटका असतो, तुकडे बरेचदा १००–२०० बेसांचे. लायब्ररी (क्रमवाचनासाठी तयार केलेला डीएनए) करताना तो पुन्हा सोनिकेट केला (ध्वनिलहरींनी तोडला) असेल तर संपलंच. रीड १५० बेसांचे आणि तुकडा त्याहून आखूड असेल, तर रीडच्या टोकाला लायब्ररीसाठी जोडलेला अ‍ॅडाप्टर येतो. फास्टपीने काढलाय ना? रीड लक्ष्याशी जुळवायला डीएनएक्रमावर चालणारं बीडब्ल्यूए वापरलं असेल तर प्रथिनक्रमावर डायमंडने पुन्हा चालवा, लक्ष्यापासून दूर गेलेले रीडही सापडतात. मेगा३५३ या विस्तारित लक्ष्यफाइलमधले एरिकेलीजचे (तेरड्याच्या गणाचे) क्रम ठेवा. एवढं करूनही क्रम त्रोटक राहिले तर त्या जनुकातून तो नमुना वगळा.

देठ: जोडवृक्षातल्या १०० ला भुलू नका. लाखभर स्थानं असली की बूटस्ट्रॅप चढणारच. जनुकांचं आपसात पटतं का, हे तो मोजतच नाही. आयक्यू-ट्रीमध्येच जीन कॉन्कॉर्डन्स फॅक्टर (तो फाटा किती टक्के जनुकवृक्षांत दिसतो) काढा. सपुष्प वनस्पतींच्या २०२४ च्या ९,५०६ प्रजातींच्या वृक्षातही, जिथे सुरुवातीला गण भराभर फुटले, तिथे जनुकवृक्षांचं एकमेकांशी जुळत नाही. अ‍ॅस्ट्रलला देण्याआधी जनुकवृक्षांतल्या १० टक्क्यांखालच्या बूटस्ट्रॅपच्या शाखा मिटवा, नाहीतर सरळ कमकुवत शाखांना कमी वजन देणारं वेटेड अ‍ॅस्ट्रल वापरा. मग वादग्रस्त फाट्याचे तिन्ही क्वार्टेट आकडे (चार गटांच्या तीन शक्य मांडण्यांपैकी प्रत्येकीला जनुकवृक्षांचा किती टक्के पाठिंबा) इथे टाका.

रानहळद: ४१, ३९, २०. पॅरालॉगचे (द्विगुणनाने झालेल्या जनुकाच्या जादा प्रतींचे) इशारे ६० जनुकांना आलेत, ती अजून काढलेली नाहीत.

देठ: नुसतं अपूर्ण वंशविलगीकरण (जुने जनुकभेद प्रजाती फुटल्यावरही टिकून कसेही वाटले जाणं) असतं तर मागचे दोन आकडे साधारण सारखे आले असते. ३९ आणि २० म्हणजे संकर किंवा पॅरालॉग. दुसरी शक्यता आधी निकालात काढा.

पुंकेसर: त्या ६० जनुकांच्या सगळ्या प्रती घेऊन वृक्ष काढा. एकाच नमुन्याच्या प्रती शेजारीशेजारी बसल्या तर बहुधा एकाच जनुकाची रूपं, म्हणजे अ‍ॅलील, चालतील. सगळे नमुने दोन-दोनदा, दोन वेगळ्या गटांत दिसले तर द्विगुणन या प्रजाती फुटण्याआधीचं. तिथे दोन स्वतंत्र जनुकं करा किंवा ते जनुक सोडून द्या. सपुष्प वनस्पतींचं सामाईक जीनोम-द्विगुणन फार जुनं, ३५३ जनुकं त्यानंतर बहुतेक एकप्रतीच उरलेली. त्रास देतं ते वंशातलं अलीकडचं बहुगुणन. आणि इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका: एका नमुन्यात अ प्रत हरवली, दुसऱ्यात ब, तर दोघांत एकेकच दिसते. अ‍ॅस्ट्रल-प्रोला बहुप्रती जनुकवृक्ष चालतात, तेही चालवून बघा.

देठ: तरीही ३९–२० टिकलं, तर वादातल्या चार-पाच प्रजाती आणि एक बाह्यगट (तुलनेसाठी गटाबाहेरची प्रजाती) घेऊन स्नॅक (संकर धरून वंशजाळं काढणारं सॉफ्टवेअर) चालवा, संकरसंख्या ० आणि १ ठेवून. २४ च्या २४ टाकू नका, फार रेंगाळतं. हरितलवकाचे रीड फुकट मिळालेच आहेत. गेटऑर्गनेलने जुळवा, पण केंद्रकी जनुकांना जोडू नका. हरितलवक अख्खा मिळून एकच वंशकथा सांगतो, आणि तेरड्यात ती बहुधा मातेकडचीच.