हरभऱ्यातली बारीक माशी घाटेअळी शोधते कशी? आणि ट्रायकोकार्ड लावू काय?

उमरेडचा शेतकरी
राजेहो, आमचा हरभरा फुलोऱ्यावर आहे. शेंड्यात बारीक घाटेअळ्या दिसून राहिल्या. पण काही पानांवर अळीचं नुसतं वाळलेलं कातडं आणि त्याला चिकटून राखाडी कोष सापडतो. एक कोष बाटलीत ठेवला, तर लांब मिशांची काळपट माशी निघाली. बाबा म्हणतात, मित्रकीड आहे, राहू दे. हिरव्या पानावरची हिरवी अळी मलेच दिसत नाही, मग ह्या माशीले कशी सापडते? पोटातून शिकून येते की रानात शिकते? आणि शेजारी म्हणतात ट्रायकोकार्ड लाव. चालेल काय?

ज्वारीचा भरडा
भाऊ, बाबांचं ऐक. वर्णन कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाच्या माशीचं आहे. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला मोठी होऊच देत नाही, म्हणून घाट्याला भोक पडायच्या आधीच ती संपते.

मी नागपुरात मित्रकिडींच्या प्रयोगशाळेत काम केलंय, आणि तुझा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. अशा माशा दोन्ही करतात. अळीची विष्ठा मिशांनी चाचपली की ‘इथं अळी आहे’ हे काही जातींना जन्मतःच कळतं. पण लांबून यायला वास लागतो, आणि कुठल्या वासामागं जायचं ते त्या शिकतात. अमेरिकेत लुईस आणि टमलिन्सन या संशोधकांनी १९८८ मध्ये हे दाखवलं. त्यांची माशी मायक्रोप्लायटिस क्रोसेइप्स, आपल्या घाटेअळीच्या चुलत बहिणीवर जगणारी. विष्ठा चाचपताना तिला व्हॅनिलाचा वास दिला. पुढं ती नुसत्या व्हॅनिलाकडं वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत गेली! कुठल्या रानात असतो व्हॅनिला? १९९० मध्ये लुईस आणि ताकासू यांनी एक वास अळीशी आणि दुसरा खाऊशी जोडून दिला. भुकेली माशी खाऊच्या वासाकडं गेली, पोट भरलेली अळीच्या.

रानात हा वास बहुतांशी झाडच सोडतं. त्याच वर्षी टर्लिंग्ज आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या रोपांवर पाहिलं: पान नुसतं खरवडलं तर फारसं काही नाही, पण जखमेला अळीची लाळ लागली की काही तासांत रोप वेगळे वास सोडतं आणि माशा तिकडं वळतात. अळी स्वतःचा वास लपवेल, कुरतडलेल्या झाडाला कसं गप्प करणार?

काटोल रोड
मावशी, कार्डाचं राहिलं.

ज्वारीचा भरडा
हो, सांगते. ट्रायकोकार्डातून निघणारी माशी म्हणजे ट्रायकोग्रामा, अर्ध्या मिलिमीटरची. ती अळीवर नाही, पतंगाच्या अंड्यात अंडं घालते. अंडं पान कुरतडत नाही, म्हणून झाडाची ती हाक तिच्या कामाची नाही. मादी पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या खवल्यांच्या वासावर ती जवळपास शोधत राहते. आम्ही ती तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवायचो. पतंग ज्वारीच्या भरड्यावर पोसायचे, अंडी डिंकानं कार्डाला चिकटवायची, काळी पडली की आत माशी तयार. कपाशीत बोंडअळीच्या अंड्यांसाठी ही कार्डं जरूर लाव, पतंग दिसू लागताच, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला.

हरभऱ्यात मात्र पैसे घालवू नको. पहाटे चालताना पायाला लागते ना पानांवरची आंबट आंब, ती मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची. एवढ्याशा माशीला त्या लवदार पानावर धड फिरताच येत नाही. हरभऱ्यावर घाटेअळीची अंडी ट्रायकोग्रामापासून जवळजवळ सुटतात ती त्यामुळंच. कॅम्पोलेटिस अंगानं मोठी आहे, तिचं त्याच पानावर छान चालतं.

उमरेडचा शेतकरी
मग फवारू की नको?

ज्वारीचा भरडा
आधी मोज. मीटरभर ओळीत एक-दोन जिवंत अळ्या दिसू लागल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क मार. त्याच्या आत असेल तर थांब. कोष असलेली पानं तोडू नको, आणि जहाल कीटकनाशक तर आत्ता नकोच. त्यानं अळीआधी माशी मरते, आणि नवीन माशी आली तरी तिला तुझ्या रानाचा वास पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागेल. पुढच्या हंगामात हरभऱ्यात मधेमधे धण्याच्या ओळी टाक. धणा फुलला की माशीला मध मिळतो, आणि पोट भरलेली माशी कुणाच्या मागं जाते ते वर सांगितलंच.

काटोल रोड
आमच्याकडं धणा हरभऱ्यासोबतच पेरतात.