तोट्यातला शेअर विकावा की धरून ठेवावा?

प्रश्न:
२०२१ च्या अखेरीस मी रसायने बनवणाऱ्या एका कंपनीचे २०० शेअर ६४० रुपयांच्या भावाने घेतले होते. आज भाव २५५ आहे, म्हणजे १,२८,००० रुपयांचे ५१,००० उरले आहेत. विकायचे ठरवले की वाटते, इतकी वर्षे थांबलो, आता मुद्दल निघेपर्यंत थांबू. एका स्नेह्यांनी तर आणखी २०० घेऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणण्याचा सल्ला दिला आहे. याच आर्थिक वर्षात इक्विटी म्युच्युअल फंड विकून १,९०,००० रुपयांचा दीर्घकालीन नफा झाला आहे. कृपया जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १:
मुद्दल निघण्यासाठी भाव अडीचपट व्हावा लागेल, आणि तो कशाच्या जोरावर होईल हे आधी तपासा. करोनाकाळात पुरवठा विस्कळीत झाल्याने अनेक रसायन कंपन्यांचे नफे फुगले होते. पुढे चीनमधून स्वस्त माल येऊ लागल्यावर ते ओसरले. तुमच्या कंपनीचा नफा त्याच काळापुरता असेल, तर ६४० हा भाव मुळातच जास्त होता. कर्ज किती वाढले, व्यवसायातून रोख येते का आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, हे वार्षिक अहवालात व तिमाही भागधारणेच्या तक्त्यात सापडेल. खूप पडलेला भाव आणखी पडणार नाही असे कृपया मानू नका. दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांना २०२१ मध्ये काहीच मिळाले नाही.

प्रतिसाद २:
कराचा हिशेबही पाहावा. दीर्घकालीन नफ्यातले १,२५,००० रुपये करमुक्त आहेत, त्यामुळे उरलेल्या ६५,००० वर साडेबारा टक्क्यांनी ८,१२५ रुपये कर आणि वर उपकर लागेल. ३१ मार्चच्या आत हे शेअर विकल्यास ७७,००० चा दीर्घकालीन तोटा वजा होऊन नफा १,१३,००० वर येतो आणि कर उरत नाही. मात्र केवळ आठ हजारांसाठी चांगली कंपनी सोडू नये.

प्रतिसाद ३:
सरासरी खाली आणण्याच्या नादात मी एकाच कंपनीत तीनदा पैसे घातले आणि माझ्या एकूण गुंतवणुकीचा तिसरा हिस्सा तिथे अडकला. हातात शेअर नसते तर आज २५५ ला नव्याने घेतले असते का, एवढे स्वतःला विचारा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. गहाण शेअर नाहीत, परंतु कर्ज तीन वर्षांत दुप्पट झाले आहे आणि त्याचे कारण मला अहवालात सापडले नाही. नव्याने मी हा शेअर घेतला नसता, म्हणून सोमवारी सगळे विकतो.